लाकडी घट पोखरताना : दांडा, पीळ आणि किंमत

लाटणे, रवी, भोवरा, पाळण्याचे खांब, जुन्या वाड्यांतल्या जिन्याचे कठडे ही सगळी कातीव कामे. कातारी लाकडाचा तुकडा लेथच्या दोन टोकांमध्ये धरतो, तो फिरू लागला की बाहेरून हत्यार लावतो आणि नको असलेला भाग ढलप्यांच्या रूपाने निघून जातो. या कामात हत्याराचे टोक सतत डोळ्यांसमोर असते. हत्यार ज्या पट्टीवर टेकवायचे ती टूलरेस्ट लाकडापासून जेमतेम बोटभर लांब असते.

लाकडाचा घट करायचा म्हटले की या दोन्ही सोयी जातात. घटाचे तोंड अरुंद आणि पोट मोठे. कुंभाराला मडके घडवताना आत हात घालता येतो, मातीची जाडी त्याच्या बोटांना कळते आणि मान शेवटी आवळता येते. कातारीला फिरत्या लाकडात हात घालता येत नाही आणि लाकूड आवळताही येत नाही. त्याला अरुंद तोंडातून पोलादी दांडा आत सारावा लागतो व त्याच्या टोकावरच्या लहानशा पात्याने, न दिसणाऱ्या जागी, पोट पोखरावे लागते.

अमेरिकेत १९७० च्या दशकात डेव्हिड एल्सवर्थ यांनी वाकड्या टोकाची हत्यारे वापरून अगदी लहान तोंडाचे, पातळ भिंतीचे लाकडी घट करून दाखवले आणि या प्रकाराला मोठी चालना मिळाली. १९८६ मध्ये तिथे कातीव काम करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष एल्सवर्थच होते. पुढे अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया येथील असंख्य हौशी लोकांनी हे काम अंगावर घेतले, आणि मग त्यांच्यासाठी साधनांची बाजारपेठही उभी राहिली. आज नवख्या माणसापुढे साध्या हातहत्यारापासून सांधेदार पोलादी हातापर्यंत अनेक पर्याय आहेत. त्यांतले मोठे संच काही शे डॉलरना पडतात. कित्येकदा ही रक्कम छोट्या लेथच्या किमतीच्या घरात जाते.

यांतले परवडणारे आणि तरीही पुरेसे साधन कोणते, या प्रश्नाची चिकित्सा आम्ही येथे करणार आहोत. आपल्या शाळांतून लाकडी घट कातले जात नाहीत हे आम्ही जाणतो. पण प्रश्न केवळ घटांचा नाही. विकत घेण्याच्या वस्तूविषयी कोणती राशी विचारायची, हा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर आठवी ते बारावीच्या पदार्थविज्ञानात पुरेपूर सापडते. चुकीची राशी विचारली तर पैसे जातात, आणि या कामात मनगटही जाऊ शकते.

जाहिरातीतला आकडा

आमचा पहिला आक्षेप माहितीपत्रकांच्या भाषेवर आहे. बहुतेक ठिकाणी ठळक अक्षरांत एकच आकडा दिसतो : हे साधन इतक्या इंच खोलीपर्यंत पोहोचते. स्वस्त दुर्बिणींच्या खोक्यांवर ‘इतके पट मोठे दिसते’ असे छापलेले असते, त्यातलाच हा प्रकार. दुर्बिणीबाबत विचारायचे असते ते भिंगाच्या व्यासाबद्दल. येथेही दांडा किती खोल पोहोचतो हे महत्त्वाचे नाही. लांब दांडा कुणीही बनवू शकतो. त्या खोलीवर पोहोचल्यावर दांडा किती वाकतो, किती पिळला जातो आणि तो पीळ शेवटी कोण सोसतो, हे विचारायला हवे.

तरफ

टूलरेस्टवर टेकवलेला दांडा ही पहिल्या प्रकारची तरफ आहे. टूलरेस्ट हा टेकू. फिरणारे लाकूड पात्याला खाली ढकलते तो भार, आणि मागे मूठ दाबून धरणारा हात हे बल. हिशेबासाठी पात्यावर १०० न्यूटन, म्हणजे साधारण १० किलोग्रॅम वजनाइतका जोर येतो असे धरू. पाते टूलरेस्टच्या पुढे ३० सेमी असेल आणि हात मागे ६० सेमीवर असेल, तर हाताला ५० न्यूटन जोर लावावा लागेल. हात ३० सेमीवरच असेल तर पूर्ण १०० न्यूटन. म्हणून घट पोखरण्याच्या हत्यारांना लांबलचक मुठी असतात. कातारी ती मूठ काखेत धरतो किंवा शरीराशी घट्ट दाबतो.

तरफेचा हा धडा सगळ्यांना ठाऊक असतो, आणि म्हणूनच नवखा माणूस येथेच थांबतो. लांब मूठ घेतली की काम झाले, असे त्याला वाटते. पण मूठ कितीही लांब असली तरी ती फक्त हाताचे श्रम कमी करते. टूलरेस्टच्या पुढे गेलेला दांडा वाकायचा तो वाकतोच.

वाकणे : घन आणि चतुर्थ घात

एका टोकाला घट्ट धरलेला गोल दांडा दुसऱ्या टोकावर भार दिल्यावर किती वाकतो, याचा नियम सोपा आहे. वाकणे हे बाहेर आलेल्या लांबीच्या घनाच्या सम प्रमाणात आणि व्यासाच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. लांबी दुप्पट केली तर वाकणे आठपट होते. व्यास दुप्पट केला तर ते सोळावा भाग उरते.

आकडे घालून पाहू. १२ मिमी व्यासाचा पोलादी दांडा १५ सेमी बाहेर आहे आणि टोकावर १०० न्यूटन भार आहे. तो सुमारे ०.५५ मिमी वाकेल. तोच दांडा ३० सेमी बाहेर काढला तर सुमारे ४.४ मिमी वाकेल. इतक्या लवचिक दांड्याने नीट कापणे अशक्य, टोक थडथड नाचू लागते आणि भिंतीवर खरे उमटतात. आता त्याच ३० सेमी लांबीसाठी २० मिमी व्यासाचा दांडा घ्या. वाकणे ०.५७ मिमी. म्हणजे १५ सेमीवर १२ मिमीचा दांडा जितका ताठ, तितकाच ३० सेमीवर २० मिमीचा. २५ मिमीचा दांडा घेतला तर वाकणे ०.२४ मिमीच्या आत येते.

या हिशेबात धातूची जात कुठे येते? ती यंगच्या गुणांकाच्या रूपाने येते. आणि येथेच दुसरा आक्षेप घ्यावा लागतो. ‘खास मिश्रधातूचा दांडा’ म्हणून जास्त किंमत मागितली जाते. साधे मऊ पोलाद, कठीण केलेले पोलाद किंवा हायस्पीड स्टील, या सगळ्यांचा यंगचा गुणांक जवळजवळ सारखाच, सुमारे २०० गिगापास्कल असतो. खास पोलाद जास्त कठीण असेल, कायमचे वाकण्यापूर्वी जास्त भार सोसेल, पण तेवढ्याच भाराखाली ते साध्या पोलादापेक्षा कमी लवत नाही. टंगस्टन कार्बाइड मात्र सुमारे तिप्पट ताठ असते. पण त्याचे दांडे महाग आणि ठिसूळ, हौशी कामाला ते परवडत नाहीत. म्हणून दांड्यासाठी जास्त पैसे द्यायचे तर ते जाडीसाठी द्यावेत, नावासाठी नव्हे.

मग सगळ्यांत जाड दांडा घ्यावा का? त्यालाही मर्यादा आहे. घटाचे तोंड ४० मिमी असेल आणि दांडा २५ मिमीचा, तर आत दांडा इकडेतिकडे फिरवायला जागाच उरत नाही. पोटाच्या फुगीर भागापर्यंत पाते पोहोचत नाही. जाडीची वरची मर्यादा तोंड ठरवते आणि खालची मर्यादा खोली. निवड या दोहोंमध्येच करायची असते. एखादा विद्यार्थी विचारील, दांड्याऐवजी नळी चालेल का? २५ मिमी बाहेरचा आणि १९ मिमी आतला व्यास असलेली नळी तेवढ्याच व्यासाच्या भरीव दांड्याच्या सुमारे ६७ टक्के ताठ असते, आणि वजन मात्र सुमारे ४२ टक्के. मुठीसाठी नळी उत्तमच. तिच्यात वाळू किंवा शिशाचे छरे भरले की त्यांच्या आपसांतील घर्षणाने थरथर बरीच शोषली जाते.

पीळ : हातांचा खरा शत्रू

घटाचे पोट तोंडापेक्षा रुंद असल्यामुळे पाते दांड्याच्या रेषेच्या बाजूला काढावे लागते. पाते बाजूला गेले की लाकडाचा खाली येणारा जोर दांड्याला केवळ वाकवत नाही, तर स्वतःभोवती फिरवूही पाहतो. यालाच पदार्थविज्ञानात टॉर्क म्हणतात, आपण पीळ म्हणू.

पाते दांड्याच्या अक्षापासून ४ सेमी बाजूला आहे आणि जोर तोच १०० न्यूटन. पीळ झाला ४ न्यूटन-मीटर. हा आकडा लहान दिसतो. पण तो ३ सेमी व्यासाच्या गोल मुठीवर रोखायचा आहे. मुठीची त्रिज्या दीड सेमी. म्हणजे तळहाताला घर्षणाने सुमारे २६७ न्यूटन, साधारण २७ किलोग्रॅम वजनाइतका जोर मुठीच्या पृष्ठाला स्पर्शरेषेत द्यावा लागेल, तोही काम चालू असेपर्यंत सतत. या कामात दंड थकण्याआधी मनगटे थकतात ती यामुळे. आणि पाते अचानक अडकले तर जोर क्षणात कितीतरी पट वाढतो, मूठ हातात गर्रकन फिरते.

आता त्याच मुठीला २५ सेमी लांबीची एक आडवी दांडी बसवा. तेवढाच पीळ रोखायला आडव्या दांडीच्या टोकाशी १६ न्यूटन पुरतात. २६७ च्या जागी १६! वेल्डिंगच्या दुकानात होणारे हे अर्ध्या तासाचे काम आहे. आमच्या मते परवडणाऱ्या साधनाचा विचार येथून सुरू व्हायला हवा. पण माहितीपत्रकांत पिळाचा उल्लेख क्वचितच सापडतो.

दुसरा उपाय दांड्याच्या आकाराचा. हंसाच्या मानेसारखा दुहेरी बाक दिला, की टोक पुन्हा सरळ भागाच्या रेषेत येते आणि पीळ जवळजवळ नाहीसा होतो. अट एकच : टूलरेस्टवर दांड्याचा सरळ भागच टेकला पाहिजे. बाकदार भाग टेकवला की सगळा हिशेब बिघडतो.

झटका का बसतो?

नवख्यांना सगळ्यांत भीती असते ती झटक्याची. पाते एकदम लाकडात घुसते, मोठा आवाज होतो, कधी घट फुटतो. यामागे साधी भूमिती आहे.

घटाचा आडवा छेद म्हणजे वर्तुळ. कारागिराच्या बाजूची भिंत वरून खाली येत असते आणि पाते तिला आतून लागलेले असते. केंद्राच्या बरोबर उंचीवर केंद्रापासून भिंतीपर्यंतचे आडवे अंतर पूर्ण त्रिज्येइतके असते. त्याच्या वर किंवा खाली गेले की हे अंतर कमी होते. आतली त्रिज्या १५ मिमी असेल आणि पाते केंद्रापासून ५ मिमी खाली गेले, तर आडवे अंतर पायथागोरसच्या प्रमेयाने १४.१४ मिमी भरते.

समजा पाते केंद्राच्याच उंचीवर लावले आहे. भाराने दांडा ५ मिमी लवला. पात्याची आडवी जागा बदललेली नाही, पण तिथे भिंत ०.८६ मिमी जवळ आली आहे. म्हणजे पाते तितके अधिक खोल घुसले. खोल घुसल्यामुळे जोर वाढला, जोर वाढल्यामुळे दांडा आणखी लवला, लवल्यामुळे आणखी घुसला. परिणामच कारणाला वाढवत जातो आणि क्षणार्धात झटका बसतो. उलट पाते आधीच थोडे केंद्राच्या वर ठेवले असेल तर? दांडा लवला की पाते केंद्राच्या उंचीकडे, म्हणजे मोकळ्या जागेकडे सरकते. कापणे हलके होते, जोर घटतो, दांडा परत वर येतो. येथे परिणाम कारणाला आवर घालतो. एवढा मोठा फरक केवळ काही मिलिमीटर उंचीने पडतो, आणि त्याला एक पैसाही खर्च येत नाही. त्रिज्या ६० मिमी असेल तर ५ मिमी लवण्याने फरक केवळ ०.२१ मिमी पडतो. म्हणून मोठ्या पोटापेक्षा मानेजवळ आणि तळाशी, जिथे त्रिज्या लहान, तिथे जास्त जपावे लागते.

चार प्रकार, चार निकाल

आता बाजारात मिळणाऱ्या साधनांकडे वळू.

पहिला प्रकार हातात धरायच्या दांड्याचा. किंमत सर्वांत कमी, हाताला लाकडाची जाणीव सर्वांत जास्त. पीळ आणि भार दोन्ही शरीर सोसते. सुमारे १० ते १२ सेमी खोलीपर्यंत, पाते अक्षाजवळ असताना, याहून अधिक काही लागत नाही असे आमचे मत आहे. आडवी मूठ जोडली तर आणखी थोडे पुढे जाता येते.

दुसरा प्रकार कोपरापाशी टेकणाऱ्या आधाराचा. दांडा पुढच्या हाताला समांतर राहतो आणि मागचा आधार कोपराजवळ बसतो. तरफ लांबते, पीळ मनगटाऐवजी पुढच्या हातावर जातो. पण तो जातो शरीरावरच. झटका बसला की तोच हात ओढला जातो. खर्चाच्या मानाने फायदा मर्यादित, म्हणून नव्याने घेणाऱ्याला आम्ही याची शिफारस करणार नाही.

तिसरा प्रकार बंदिस्त दांड्याचा. लाइल जेमिसन यांच्यासारख्या अमेरिकन कातारींनी तो लोकप्रिय केला. दांड्याच्या मागच्या टोकाला इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचे रुंद कडे असते. लेथच्या बेडवर मागे एक चौकट घट्ट बसवतात, तिच्यात दोन समांतर दांड्या, एक वर आणि एक खाली. कडे या दोहोंच्या फटीत आडवे सरकते. ते वर जाऊ शकत नाही, खाली जाऊ शकत नाही आणि फिरूही शकत नाही. कडे १० सेमी रुंद असेल तर ४ न्यूटन-मीटर पिळाला त्याच्या दोन कडांवर केवळ ४० न्यूटनांची बलजोडी पुरते, आणि ती देते लोखंड. कारागिराच्या हाताला उरते फक्त पाते पुढेमागे आणि डावीउजवीकडे नेणे. रचना इतकी साधी आहे की तिच्यात झिजण्यासारखे फारसे काही नाही. मर्यादा एक : मागे जागा लागते. दांडा जितका खोल जाणार तितकाच तो आधी मागे यावा लागतो. आखूड बेडच्या लेथवर चौकट बसवायला वेगळा फाटा जोडावा लागतो, आणि तो डळमळीत असेल तर सगळाच फायदा गेला.

चौथा प्रकार सांधेदार हाताचा. दोन-तीन सांध्यांचा पोलादी हात बेडला जोडलेला असतो आणि दांडा त्याच्या टोकाला. आडव्या पातळीत तो सहज फिरतो, उभ्या दिशेने हलत नाही आणि पिळाला विरोध करतो. मागे कमी जागा लागते आणि काम फार हलके वाटते. मात्र येथे विचारायचा प्रश्न वेगळा आहे. प्रत्येक सांध्यात खिळ आणि भोक यांच्यात थोडी तरी सैल जागा असतेच. तीन सांध्यांतली सैल जागा टोकाशी बेरजेने, शिवाय लांबीच्या प्रमाणात वाढून पोहोचते. चांगल्या सांध्यांत चांगले बेअरिंग असतात आणि किंमत मुख्यतः त्यांचीच असते. म्हणून या प्रकारातला अगदी स्वस्त नमुना हा आमच्या दृष्टीने सर्वांत वाईट सौदा ठरतो, कारण ज्या गोष्टीसाठी पैसे द्यायचे तीच त्यात कमी केलेली असते. बंदिस्त दांड्याचा स्वस्त नमुना ओबडधोबड दिसला तरी काम देतो. सांधेदार हाताचा स्वस्त नमुना दिसायला सुबक आणि कामाला सैल.

पाते आणि भिंतीची जाडी

पात्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक हायस्पीड स्टीलचे लहान चौरस तुकडे, दुसरे कार्बाइडच्या गोल चकत्या. कार्बाइडची धार बराच काळ टिकते, धार गेली की चकती थोडी फिरवायची आणि शेवटी नवी घ्यायची. हायस्पीड स्टीलला वारंवार धार लावावी लागते, पण ती साध्या ग्राइंडरवर लावता येते. लोखंडाच्या लेथवर वापरायचे ५ मिमीचे टूल बिट आपल्याकडेही हत्यारांच्या दुकानांत सर्रास मिळतात. दांड्याच्या टोकाला भोक पाडून त्यात असा बिट ग्रब स्क्रूने आवळला की पाते तयार. एकाच उत्पादकाची विशिष्ट चकती लागणारे साधन स्वस्तात मिळाले तरी पुढचा प्रत्येक तुकडा त्याच्याच भावाने घ्यावा लागतो. खरेदीपूर्वी हे जरूर पाहावे.

भिंत किती पातळ झाली हे कळण्यासाठी बऱ्याच संचांबरोबर लेझर येतो. कल्पना चतुर आहे. पात्याच्या वर, घटाच्या बाहेर, एका आडव्या बाहूवर लेझर बसवतात, त्याचा किरण खाली रोखतात. ठिपका पात्याच्या कडेपासून ठीक हव्या त्या जाडीइतका, समजा ६ मिमी, पुढे पडेल अशी जुळणी करतात. पाते आतून भिंतीकडे सरकते तसा ठिपका घटाच्या बाहेरच्या कडेकडे सरकतो. तो कडेवरून निसटला की तिथे जाडी ६ मिमी उरली. अलीकडे लेझरऐवजी लहान कॅमेरा आणि पडदाही वापरतात. पडद्यावर पात्याची बाह्यरेषा आखलेली असते. पण लक्षात ठेवायला हवे, की पात्याची कापणारी बाजू बदलली की लेझरची जागाही बदलावी लागते. पोटाच्या बाजूसाठी केलेली जुळणी तळासाठी चालत नाही. आणि लेझर दांडा ताठ करत नाही. ज्याच्या खिशात मोजके पैसे आहेत त्याने ते आधी दांड्यात आणि पिळाच्या आधारात घालावेत. लेथ थांबवून वाकड्या कॅलिपरने जाडी मोजणे वेळखाऊ आहे, पण ते जवळजवळ फुकट आहे आणि कधी खोटे बोलत नाही.

खरेदीचा क्रम

आमचे म्हणणे थोडक्यात असे. प्रथम आपल्याला किती खोल आणि किती अरुंद तोंडाचा घट करायचा आहे ते ठरवावे. तोंडात मावेल आणि फिरायला जागा ठेवील असा जास्तीत जास्त जाड दांडा घ्यावा. १० ते १२ सेमी खोलीपर्यंत सुमारे १६ मिमीचा दांडा, वाळू भरलेली लांब मूठ आणि आडवी दांडी, एवढ्यावर समाधान मानावे. त्यापुढे २० ते २५ सेमीपर्यंत जायचे असेल तर २० मिमी किंवा त्याहून जाड बंदिस्त दांडा घ्यावा, अथवा चांगल्या वेल्डरकडून साध्या पोलादाचा बनवून घ्यावा. त्याहून खोल जायचे असेल किंवा मागे जागा नसेल, तरच सांधेदार हाताचा विचार करावा, आणि तेव्हा काटकसर करू नये. लेझर सर्वांत शेवटी.

साधन कोणतेही असो, काही नियम किमतीने बदलत नाहीत. तडा गेलेले लाकूड घेऊ नये. आधी मधोमध तळापर्यंत भोक पाडावे, कारण केंद्रापाशी लाकडाचा वेग शून्य असतो आणि पाते तिथे कापत नाही, नुसते रेटते. भोकाने खोलीही ठरते. पोखरण्याचे काम तोंडाकडून तळाकडे, टप्प्याटप्प्याने करावे, म्हणजे कापल्या जाणाऱ्या भागामागे भरीव लाकडाचा ताठपणा शिल्लक राहतो. आत साचलेला भुसा वारंवार लेथ थांबवून काढावा, नाहीतर तो दांड्याला जखडतो. चेहऱ्यावर पूर्ण झाकण आणि नाकावर मुखपट्टी नसेल तर स्विच लावू नये.

वर्गात करून पाहण्यासाठी

लेथ नसला तरी या चिकित्सेचा गाभा वर्गात तपासता येतो. ३० सेमीची पोलादी पट्टी टेबलाच्या कडेवर शिकंज्याने आवळा. पट्टी १२ सेमी बाहेर ठेवून टोकाला २०० ग्रॅम वजन टांगा आणि टोक किती खाली आले ते मोजा. मग २४ सेमी बाहेर ठेवून तेच करा. मुलांना आधी अंदाज लिहायला सांगा. बहुतेक जण ‘दुप्पट’ लिहितील. मोजल्यावर जवळपास आठपट येईल.

दुसरा प्रयोग पिळाचा. झाडूच्या दांड्याच्या पुढच्या टोकाला एक लाकडी पट्टी आडवी घट्ट बांधा. दांडा टेबलाच्या कडेवर टेकवून त्याचे मागचे टोक एका विद्यार्थ्याला एका हाताने धरायला सांगा आणि पट्टीवर, दांड्यापासून २० सेमी अंतरावर, अर्धा किलोग्रॅम वजन टांगा. पीळ सुमारे १ न्यूटन-मीटर. दांडा हातात फिरू लागेल, मूठ कितीही आवळली तरी ती थोड्या वेळात थकेल. आता मागच्या टोकालाही तशीच आडवी पट्टी बांधा आणि तिचे टोक एका बोटाने धरायला सांगा. दांड्यापासून २० सेमीवर धरले तर अवघे ५ न्यूटन पुरतात. नंतर मुलांना चारही साधनांची चित्रे फळ्यावर काढून द्या, किमती न सांगता, आणि प्रत्येकात हे बोट कुठे आहे ते शोधायला सांगा.